हाताची चूक

धराधर मास्तरांनी मला आधी बटण दाबायला शिकवलं,
आकाश नंतर.
अंगठा हलका ठेव, म्हणाले, खटका अर्धा दाबून धर,
ठिपका ताऱ्याला शिवला की उरलेला अर्धा.
घड्याळ जुळवायचो फोनवरच्या बाईच्या आवाजाशी,
जी रात्रंदिवस वेळ सांगायची
आणि कधी खोकलीसुद्धा नाही.

विक्रोळी, कन्नमवार नगर, आमच्या बिल्डिंगची गच्ची.
पूर्वेला खाडी, तिवरं,
डोक्यावरून दर दोन मिनिटांनी उतरायला निघालेलं विमान,
इतकं खाली की चाकं मोजावीत.
त्या सगळ्या उजेडातून आम्ही एकच शोधत असू:
एका रॉकेटचं रिकामं नळकांडं,
काम झाल्यावर वरच सोडून दिलेलं,
माझ्या बारशाच्या वर्षी.
यादीत त्याला नुसता आकडा होता.
मास्तर म्हणत, पाहुणे.

पहिली काही वर्षं पाहुणे सांगितल्या वेळेला येत.
मग दोन सेकंद आधी.
मग एका मार्चमध्ये अकरा.
मी म्हटलं, हवेला घासतात तर मंदावायला नकोत का?
मास्तरांनी वहीच्या मागच्या पानावर गोल काढला,
त्याच्या आत आणखी एक.
हवा अडवते, म्हणून खाली येतात.
खाली येतात, म्हणून वेढा लहान होतो,
नव्वद मिनिटांचा एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी,
आणि पडता पडता वेग वाढतो.
अडवलं की घाई होते, म्हणाले,
आणि पेन्सिलला टोक करत बसले.

त्याच सुमारास त्यांचा अंगठा थरथरू लागला.
आधी कपबशीत ऐकू यायचं.
मग आकड्यांत दिसू लागलं:
ब्रह्महृदयाला शिवले तो क्षण एकच,
माझं घड्याळ आणि त्यांचं,
मध्ये पाऊण सेकंद. पुढच्या हिवाळ्यात दीड.
पाहुणे लवकर येत होते, अंगठा उशिरा पोचत होता,
त्यांच्या वहीपुरते पाहुणे
जरा हळू पडत होते.

मी काही बोलले नाही.
माझे आकडे लाइट बिलांच्या पाठीवर लिहीत राहिले
आणि ती बिलं घरी नेत राहिले.

शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांनी ताळ सोडला.
सोमवारी चार मिनिटं आधी, बुधवारी तेरा,
ठळक, आणि असे धावत
की मान वळवेपर्यंत समोरच्या टॉवरमागे.
शुक्रवारी आम्ही तासभर आधीच वर जाऊन बसलो.
तारीख घालायला मास्तरांचा हात थिरावेना.
वही माझ्याकडे सरकवली. तू लिही.

बावीस वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या मांडीवर.
समासात, बारीक पेन्सिलने, प्रत्येक नोंदीशेजारी:
हा. चू. ०.३
हा. चू. ०.८
हा. चू. १.६, वाढती.
माझ्या बिलांवरचे फरक, जवळजवळ दशांशासकट.
मी मान वर केली नाही.
सकाळच्या बातम्यांआधी रेडिओवर पिप वाजतात ना,
ते म्हणाले, त्यावर दाबून बघतो रोज.
वरचं पडतंय ते मोजायचं आणि खालचं नाही,
हा कुठला हिशेब.

सात चौदा. सात वीस. विमान. विमान.
टाकी भरून वाहायला लागली,
खालून कुणीतरी ओरडलं, अहो मोटर.
सात बावन्नला ब्रह्महृदय होतं तिथेच होतं,
त्याच्या जवळून कुणी गेलं नव्हतं.
काय लिहू, मी विचारलं. दिसले नाहीत?
ते तर ढग असला तरी लिहितो आपण.
लिही, आकाश स्वच्छ. तारा जागेवर.
वाट पाहिली.

तिसऱ्या मजल्याच्या कट्ट्यावर दम घ्यायला थांबलो
तर त्यांच्या खिशात स्टॉपवॉच चालूच.
बंद करायला मी हात पुढे केला.
राहू दे, म्हणाले,
अठ्ठ्याऐंशी मिनिटं होऊ देत.